मास्तरांचा पहिला दिवस

शनिवारी घरी निघता निघता मालक शेडखात्याच्या दारात थांबले.

"बाई, सोमवारपासून ते नवे मास्तर येतायत. तुमच्या हाताखाली. वयाने मोठे आहेत, अनुभव दांडगा आहे, तेव्हा स्वागत जरा नीट करा. नोकरीचा पहिला दिवस माणूस जन्मात विसरत नाही."

"नाही विसरत," मोठ्या बाई म्हणाल्या.

मालकांना वाटलं, बाईंना आपलं म्हणणं पटलं. ते खूश होऊन गेले. बाईंना पटलंच होतं, अगदी आतून पटलं होतं, पण त्यांच्या हातातल्या कापडाच्या पट्टीचा पार चोळामोळा झाला होता.

मोठ्या बाई म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या शेडखात्याच्या, म्हणजे रंगछटा जुळवणाऱ्या खात्याच्या प्रमुख. गिऱ्हाईक चिंधीएवढा तुकडा आणून टाकतं आणि म्हणतं, हुबेहूब हाच रंग पाहिजे, ट्रकभर. मग तो रंग निळ्या-तांबड्या-पिवळ्याच्या थेंबाथेंबाने जुळवायचा, लहानशा भांड्यात नमुना रंगवायचा, वाळवायचा, इस्त्री करायचा आणि गिऱ्हाइकाच्या तुकड्याला खेटून ठेवून बघायचा. यंत्रं आली, संगणक आले, तरी शेवटचा शब्द डोळ्याचा. या कारखान्यात तो डोळा बाईंचा होता. त्यांनी पास केलेला माल परत आलाय असं कुणाला आठवत नव्हतं. बाई प्रत्येक नमुना तीनदा बघायच्या. एकदा दिव्याच्या पेटीत, एकदा खिडकीच्या उजेडात, पुन्हा एकदा पेटीत. खात्यातल्या पोरी आपसात म्हणायच्या, बाईंचा सगळ्या जगावर विश्वास बसेल, स्वतःच्या डोळ्यांवर बसायचा नाही. पोरी हे थट्टेने म्हणायच्या. ते खरं होतं, आणि त्याला कारण सोमवारी येणारे मास्तर होते.

बाई तेव्हा बाई नव्हत्या. विशी नुकतीच ओलांडलेली, घट्ट वेणी घातलेली, आईने शिवलेला नवा ड्रेस घालून आलेली एक पोरगी होती. दुसरं गाव, दुसरा कारखाना, आणि या मास्तरांचं तिथल्या शेडखात्यात राज्य. मास्तरांनी तिला बसायला सांगितलं नाही. नावही विचारलं नाही. उंदराच्या पाठीसारख्या करड्या कापडाचा एक तुकडा दिला, तीन बाटल्या पुढ्यात ठेवल्या आणि म्हणाले, "जुळव."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत पोरीने मान वर केली नाही. नमुना झाला, तो तिने पेटीत धरला. पेटी म्हणजे काळ्या पडद्यामागची छोटी अंधारी खोली, तिच्यात वरून एकच दिवा पडतो. करड्याशेजारी करडा, फरक शोधून सापडेना. मास्तर वाकले, बघितलं, म्हणाले, "शाबास!" पोरगी अशी फुलली की विचारू नका. मग मास्तर म्हणाले, "चल, सगळ्यांना दाखवू," आणि तिला अंगणात घेऊन गेले. भट्टीवाले, हमाल, ड्रायव्हर, पहारेकरी, सगळे कसे कोण जाणे आधीच जमले होते. उन्हात धरला आणि नमुना हिरवा! शेवाळासारखा हिरवागार. मूळचा तुकडा करडा तो करडाच.

"ही बघा," मास्तर म्हणाले, "आपली हिरवी आली!"

सगळं अंगण खदखदलं. त्या दिवसापासून तिचं नाव हिरवी. पहारेकरी फाटक उघडताना म्हणायचा, हिरवी आली. कँटीनवाला ओरडायचा, हिरवीचा चहा. नवीन आलेल्यांना तर तिचं खरं नावच ठाऊक नसायचं. एकदा तिची आई डबा द्यायला आली आणि लेकीच्या नावाने विचारू लागली, तर अशी कुणी इथे नाही म्हणून पहारेकऱ्याने तिला परत पाठवलं.

हेही एक वेळ ती गिळून बसली असती. पण नाव तोंडावर होतं, शंका पोटात होती. तिला वाटलं, आपल्या डोळ्यांतच खोट आहे. ज्या कामावर पोट भरायचं ते काम आपल्याला दिसतच नाही. ती कुणाला न सांगता, लांबच्या पेठेतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाला, डोळे उत्तम आहेत. तिला तेही खरं वाटेना. भाजी घेताना, बसची पाटी वाचताना, आईच्या तोंडाकडे बघताना ती मनात रंग तपासत राहायची. असं वर्षभर चाललं. मग एक दिवस ट्यूब बदलायला आलेला वायरमन हसत हसत बोलून गेला, "तुझ्या पहिल्या दिवशी मास्तरांनी माझ्याकडून दिवा बदलून घेतला होता ना!"

रंगाचं असंच असतं. एका उजेडात जुळे भाऊ वाटणारे दोन तुकडे दुसऱ्या उजेडात एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत. म्हणून पेटीत दिवसाच्या उजेडासारखा दिवा हवा, हा या धंद्यातला पहिला धडा. मास्तरांनी तोच काढून पिवळट दिवा लावला होता. डोळे पोरीचे नव्हते चुकले. दिवा खोटा होता.

तिने कुणाला काही म्हटलं नाही. डूख धरला. काम शिकली, असं शिकली की मास्तरांना रजा घ्यायची चोरी राहिली नाही, आणि जमेल तेव्हा ती नोकरी सोडली. निरोपाला सगळ्यांनी मिळून तिला छत्री दिली. हिरवी. ती तिने बसमध्ये मुद्दाम विसरली, तर कंडक्टर बिचारा धापा टाकत मागे आला आणि छत्री हातात देऊन गेला. तेव्हापासून बाईंच्या घरात हिरवी बादली नाही, हिरवा साबण नाही, आणि लग्नानंतर नवरोबांनी हौसेने आणलेला हिरवा टॉवेल पहिल्याच आठवड्यात फरशी पुसायला गेला. या कारखान्यात येऊन पंधराएक वर्षं झाली होती. इथे त्या आधी नुसत्या बाई होत्या, मग मोठ्या बाई झाल्या. हिरवी हे नाव इथे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते मेलं होतं, आणि बाईंनी ते स्वतःच्या हाताने पुरलं होतं.

आणि मागच्या आठवड्यात मास्तर मुलाखतीला आले. त्यांचा कारखाना बंद पडला होता. मिशा पांढऱ्या, खांदे उतरलेले, आवाज मात्र तोच. मालकांच्या शेजारच्या खुर्चीवर बाई बसल्या होत्या, समोरासमोर. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, संधी द्या, तक्रारीला जागा ठेवणार नाही."

मॅडम! ओळखीची एक रेघ डोळ्यांत नाही. ज्या माणसाने आपल्याला वर्षभर आंधळ्यासारखं चाचपडायला लावलं, त्याच्या लेखी आपण कुणीच नव्हतो. बाईंना हे त्या पहिल्या दिवसापेक्षा जास्त झोंबलं. एक शब्द टाकला असता तर मास्तर दारातूनच परत गेले असते. पण परत गेले असते, एवढंच झालं असतं. बाईंना ते आत यायला हवे होते.

"माझ्या मते घ्यावं यांना," बाई मालकांना म्हणाल्या होत्या.

शनिवारी घरी आल्यावर बाईंनी नवरोबांना सगळं सांगितलं. नवरोबा गाडी शिकवण्याच्या शाळेत मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा ब्रेक दाबण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यामुळे घरात कुणी जोरात बोलायला लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. बाईंच्या संसारात तो पाय कधी मोकळा राहिला नव्हता.

"त्याने तुला ओळखलं नाही ना?" नवरोबा म्हणाले.

"नाही."

"इथे ते नाव कुणाला माहीत नाही ना?"

"नाही."

"मग झालं तर! चांगलंच आहे की. तो विसरला, तूही विसर. छान हार... नाही, हार नको, छान चहा पाज आणि कामाला लाव. विषय संपला."

"विषय माझा आहे. मी संपवीन."

"अगं, पण तू काही करायला गेलीस आणि त्याला आठवलं म्हणजे?"

"आठवू दे ना! मला तेच हवंय. हिरवं कापड हातात धरून उभा राहील ना सगळ्यांसमोर, तेव्हा त्याला कळू दे."

नवरोबांचा पाय फरशीवर घट्ट दाबला गेला. पण ही गाडी त्यांच्या ब्रेकने थांबणारी नव्हती.

आता स्वागताच्या तयारीचं सांगायचं तर तशी तयारी त्या कारखान्यात आजवर कुणी केली नसेल. रविवारी सुट्टी असून बाई खात्यात गेल्या. मास्तरांसाठी कपाट रिकामं करून आतून पुसून घेतलं. स्वतःच्या टेबलाजवळची, पाठीला उशी असलेली खुर्ची त्यांच्या जागी नेऊन ठेवली. भांडारातून कोरा ॲप्रन आणून इस्त्री केला. कप धुऊन उलटा घातला. मास्तरांना पहिल्या दिवशी उभं ठेवून बाईंचा सूड भागणार नव्हता. बाईंना उभं ठेवलं होतं, कारण त्या कुणी नव्हत्या. मास्तरांना आधी कुणीतरी करायचं, उशीच्या खुर्चीत बसवायचं, आणि मग खाली आणायचं.

शिवाय सूड मापात हवा. त्यांचं कामच मापाचं, थेंब इकडचा तिकडे होता कामा नये. त्यांनी जुन्या नमुन्यांच्या खोक्यातून करडा निवडला. साधा करडा चालला नसता, तोच हवा होता, उंदराच्या पाठीचा. त्यांच्याजवळ तो मूळचा तुकडा नव्हता, पण तो रंग त्यांच्या डोळ्यांत कोरलेला होता. खिडकीत बसून एकेक करडा उलटापालटा करत शेवटी त्यांनी तो नेमका काढलाच. बाटल्याही त्याच तीन, त्याच जातीच्या. आता त्या फारशा कुणी वापरत नाही, पण भांडाराच्या मागच्या फळीवर धूळ खात पडल्या होत्या. बाईंनी त्या पुसून एका ओळीत मांडल्या, मास्तरांनी मांडल्या होत्या तशाच, निळी, तांबडी, पिवळी.

सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. इथल्या पेटीत तीन दिवे होते आणि तीन बटणं, त्यांवर कागद चिकटवलेले, दिवस, दुकान, घर. स्टुलावर चढून बाईंनी दिवसाची ट्यूब काढली आणि तिथे दुकानाची बसवली, दुकानाच्या जागी दिवसाची. दुकानाचा उजेड पिवळसर, पण इतका नाही की आत शिरल्याबरोबर खटकावा. दोन मिनिटांत डोळा त्याला सरावतो. खाली उतरून त्यांनी हात झटकले. मग फळ्यावर लिहिलं, आज सकाळी कुणीही पेटी वापरायची नाही, नवीन मास्तर काम दाखवणार आहेत. एखादा खरा माल या दिव्याखाली पास झाला असता तर? छे, सूड आपल्या जागी आणि काम आपल्या जागी.

ऑफिसातून टाळीताई आली. तिचं काम नव्या माणसांना रुळवायचं, आणि दर पाच मिनिटांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्याशिवाय तिला माणूस रुळल्यासारखं वाटायचं नाही. खुर्ची, कपाट, ॲप्रन बघून तिला भरून आलं.

"मोठ्या बाई, असं स्वागत मी कुठल्याच खात्यात बघितलं नाही हो."

"अजून कुठे बघितलंस," बाई म्हणाल्या.

मास्तर आले. शर्टाला कडक इस्त्री, हातात डब्याची पिशवी, पायात नवे बूट. बूट चावत होते, पाऊल जपून पडत होतं. त्यांच्याकडे बघून बाईंना आईने शिवलेला तो ड्रेस आठवला. काखेत टोचायचा. क्षणभर, अगदी क्षणभर त्यांच्या मनात आलं की पेटीचा पडदा ओढून घ्यावा आणि म्हणावं, दिवा बिघडलाय, उद्या बघू. मग मास्तरांनी त्यांना पुन्हा हात जोडले, "नमस्कार मॅडम," आणि तो विचार तिथल्या तिथे करपला.

टाळीताईने टाळ्या वाजवल्या. बाईंनी सगळं खातं गोळा केलं होतं. चष्मेवाली आणि तिच्या बरोबरच्या पोरी, भट्टीवाले काका, इस्त्रीवाला, झाडून सगळे.

"मास्तरांचा हात कसा चालतो ते बघा," बाई म्हणाल्या. "अशी माणसं आता मिळत नाहीत. मास्तर, हा करडा जुळवून दाखवा. सावकाश होऊ द्या."

मास्तरांनी करडा घेतला, बोटांत चोळला. तीन बाटल्यांकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"या जुन्या... इथे अजून वापरतात?"

"आम्ही वापरतो."

मास्तरांनी बाटल्या जवळ ओढल्या. पहिल्या दिवशी माणूस वाद घालत नाही, हे बाईंइतकं कुणाला माहीत असणार? ते खुर्चीत बसले आणि कामाला लागले. थेंब मोजून पडत होता. एक नमुना झाला, तो पेटीत नेला, परत आले, थेंबभर तांबडा वाढवला, दुसरा केला. वाळला, इस्त्री झाली. जेवणाच्या सुट्टीला थोडा वेळ उरला होता, तेव्हा त्यांनी बाईंना पडद्यामागे बोलावलं.

करड्याशेजारी करडा. फरक शोधून सापडेना. इतकी वर्षं जपून ठेवलेला शब्द बाईंनी बाहेर काढला.

"शाबास!"

म्हातारा फुलला. त्या अंधाऱ्या जागेतही दिसला फुललेला. बाईंना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, अगदी लग्नात आणि बढतीच्या दिवशीसुद्धा नाही.

"चला," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना दाखवू."

खात्याला उत्तरेकडे एक मोठी खिडकी होती, शेवटचा न्याय तिथला. सगळे खिडकीभोवती उभे राहिले. मास्तरांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले. मूळचा तुकडा करडा होता. मास्तरांचा हिरवा होता.

"अगंबाई," चष्मेवाली पुटपुटली, "हे तर हिरवं आलं."

भट्टीवाल्या काकांनी मान दुसरीकडे फिरवली. टाळीताईचे हात टाळीसाठी वर गेलेले तसेच अधांतरी राहिले. मास्तर नमुन्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा पडत गेला की बघवत नव्हता. बाईंनी मात्र तो पोटभर बघितला. ती भीती त्यांच्या ओळखीची होती. डोळे गेले की काय आपले, ही भीती. घे, बाई मनात म्हणत होत्या, घे आता. लपून रडायला कोपरा कसा शोधावा लागतो तेही तुला कळू दे. जा तूही गुपचूप डॉक्टरकडे.

मास्तर वळले आणि पेटीकडे गेले. पडदा सरकला. आतून बटणांचे आवाज आले, एक, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. बाहेर सगळे ताटकळत उभे. मास्तर बाहेर आले आणि बाटल्यांपाशी थांबले. निळी, तांबडी, पिवळी. मग करड्या तुकड्याकडे बघितलं. मग मान वर करून बाईंकडे बघितलं, त्या दिवशी पहिल्यांदा नीट, निरखून.

आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं!" मास्तर म्हणाले. "हिरवी! तू हिरवी ना?"

बाईंच्या पायाखालची फरशी सरकली.

"अरे, हिरवी आहे ही! आमची हिरवी!" मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "तरी म्हणतो, करडा ओळखीचा का वाटतोय! तोच करडा, त्याच बाटल्या! अहो, हा माझा खेळ आहे. जन्मात एकदाच केला, या एका पोरीवर. ही कामाला आली ना पहिल्या दिवशी, अशी वेणी, असे मोठे डोळे, आणि मी पेटीतला दिवा बदलून ठेवलेला! आणि आज हिने माझा बदलला! वा गं वा! मी तर जन्मात ओळखलं नसतं हिला. दिव्याने सांगितलं!"

आधी चष्मेवाली हसली. मग पोरी हसल्या, मग काका, आणि मग सगळं खातं खदखदलं. हसण्याची जात तीच होती, बाईंनी ओळखली.

"हिरवी म्हणजे, कापडावरून?" टाळीताईने विचारलं.

"तर! सगळा कारखाना हिरवीच म्हणायचा. आणि पुढचं ऐका," मास्तर खुर्चीत ऐसपैस बसले, उशीला टेकून. "हिला वर्षभर वाटत होतं, आपल्या डोळ्यांतच दोष आहे. गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आली! तो डॉक्टर माझ्या मेव्हण्याच्या शेजारी राहायचा, त्यानेच सांगितलं. आम्ही हसून हसून बेजार."

"तुम्हाला माहीत होतं?" बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

"माहीत होतं म्हणजे काय!"

"मग सांगितलं का नाही मला? वर्षभर?"

"सांगितलं असतं तर तू अशी तयार झाली असतीस?" मास्तर प्रेमाने म्हणाले, आणि सगळ्यांकडे वळले. "डोळ्यांवर शंका आली म्हणून तर एकेक नमुना दहादा बघायची. आज मोठी मॅडम झाली. माझ्या हातची पोरगी आहे ही, माझ्या!"

पोरींनी एकमेकींकडे बघितलं. तीनदा बघतात ते यासाठी होय, असं त्यांच्या तोंडावर स्वच्छ लिहिलेलं होतं. टाळीताईचे डोळे पाणावले. असं स्वागत, म्हणाली, आपण प्रत्येक नव्या माणसाचं करायला हवं, मी मालकांना सांगते. तिने टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्यांनी साथ दिली. मास्तर सगळ्यांत जोरात वाजवत होते. सकाळी चावणारे बूट त्यांनी केव्हाच खुर्चीखाली काढून ठेवले होते. दुपारी सगळं खातं त्यांच्याभोवती डबे उघडून बसलं, आणि काकांनी आपल्या डब्यातला मोठा वाटा त्यांना दिला. इतकी वर्षं बाई आपल्या टेबलावर एकट्या जेवत आल्या होत्या. त्या दिवशीही एकट्याच जेवल्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या स्टुलावर चढल्या आणि ट्यूब आपापल्या जागी लावल्या. त्यांना मास्तरांचा राग येत होता तो येतच होता, त्यात आता स्वतःवरच्या रागाची भर पडली होती. करडा दुसरा घेतला असता तर? बाटल्या नव्या दिल्या असत्या तर? नमुना हिरवा आला नसता, निळा आला असता, म्हातारा फजीत होऊन गप्प घरी गेला असता. पण नाही, आपल्याला माप नेमकं हवं होतं! एवढं नेमकं की विसरलेल्या माणसाला आठवण करून दिली. मास्तर ते नाव विसरून आले होते. ते उकरून त्यांच्या हातात आपणच दिलं.

घरी नवरोबांनी दार उघडलं आणि तोंडाकडे बघूनच ओळखलं.

"आठवलं त्याला?"

"सगळ्यांना कळलं."

"डॉक्टरचं पण?" नवरोबांनी हळूच विचारलं. जगात हे एकट्या नवरोबांना ठाऊक आहे, असं बाई सकाळपर्यंत समजत होत्या.

बाईंनी मान हलवली. नवरोबांचा पाय फरशीवर दाबला गेला, पण आता काय उपयोग होता? गाडी आपटून झाली होती.

"तीन महिन्यांनी त्याला कायम करायचं की नाही ते मी ठरवायचंय," बाई जेवताना म्हणाल्या. "घालवते की नाही बघा."

"घालव. मग लोक काय म्हणतील माहितीय? हिरवी म्हटलं म्हणून घालवला. मग ते नाव कायमचं."

बाईंनी घास खाली ठेवला. एवढं त्यांच्याही लक्षात आलं होतं. मास्तर राहिले तर नाव राहणार आणि गेले तर पक्कं होणार. रात्री अंथरुणाला पाठ टेकताना त्यांनी मनाशी एकच ठरवलं. त्या नावाने कुणीही हाक मारू दे, मान वळवायची नाही. मालक असोत नाहीतर टाळीताई, दगडासारखं बसून राहायचं. हाकेला ओ मिळाली नाही की नाव आपोआप मरतं. एकदा मारलं होतं, पुन्हा मारू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी जरा जास्तच अदबीने "मोठ्या बाई, मोठ्या बाई" करत होत्या आणि पाठ वळली की ओठ दाबत होत्या. बाईंनी लक्ष दिलं नाही. त्या पेटीसमोर उभ्या राहून एक निळा तपासत होत्या. नमुना एकदा पेटीत बघून झाला होता, आता तो घेऊन खिडकीकडे जायचं होतं. खिडकीपाशी मास्तर आधीच उभे होते, सपाता घालून, हातात कसलासा तुकडा धरून, घरच्यासारखे.

"हिरवे," मास्तरांनी सहज हाक मारली, "जरा इकडे बघ गं."

सगळं खातं श्वास रोखून थांबलं. आणि बाईंनी मान वळवून म्हटलं, "काय?"